काळजीवाहू आप्पा

एरंडोलला कुणाच्या दारावर टकटक झाली तर घरातली बाई लगेच उठत नाही. आधी कान देते. आवाज फळीवर आला तर पाहुणा, चौकटीवर आला तर आप्पा. आप्पा दार उघडावं म्हणून वाजवत नाहीत. सागाच्या चौकटीला वाळवीनं आतून पोखरलंय का, ते मधल्या बोटाच्या पेरानं ऐकत असतात. ऐकून झालं की न बोलता पुढच्या घरी जातात. कुणी दार उघडून बाहेर आलंच तर उलट त्यालाच विचारतात, "काबर भो, काही काम व्हतं?"

भिंतीला लोणा आलेला दिसला की चिमटीत थोडा घेऊन जिभेवर ठेवतात. डोळे मिटतात. मग पाणी वरून आलंय, खालून चढलंय की शेजारच्याच्या मोरीतून आलंय, हे सांगतात. शेजाऱ्याची मोरी निघाली तर दोन घरांत भांडण लागतं. तोवर आप्पा तिसऱ्या घराच्या चौकटीपाशी पोचलेले असतात.

लग्नाच्या अल्बमात त्यांना शोधणं अगदी सोपं. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, एक माणूस आढ्याकडे बघत असतो. दहाव्याला गेले तरी तेच. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायची वेळ आली की आप्पा तुळईकडे नजर लावून म्हणतात, "चांगला माणूस व्हता. सरा बदलाले पाहिजे व्हता त्यानी." यातलं किती माणसाबद्दल आणि किती घराबद्दल, हे घरच्यांनी आपलं आपण समजून घ्यायचं.

बांधकाम खात्यात आप्पा रोजंदारीवर मजूर म्हणून लागले, पुढे कायम झाले आणि मिस्त्री म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी विश्रामगृहं आणि साहेबांचे बंगले यांच्यात गेली. राहायला एकाही बंगल्यात मिळालं नाही. चहा मागच्या दाराशी, आणि तोही कप वेगळा. पण त्या बंगल्यांविषयी ते बोलतात ते मुलगी दिलेल्या घराविषयी बोलावं तसं. बरं चाललंय ना, जाच नाही ना, एवढंच त्यांना कळून घ्यायचं असतं.

त्यांच्या मते सरकारी बंगल्याला तीन रोग होतात: पाणी, वाळवी आणि बदली. पहिल्या दोन्हींवर औषध आहे. तिसऱ्यावर नाही. दर तीन वर्षांनी नवीन साहेब येतो, त्याच्या मागोमाग बाईसाहेब येतात, बाईसाहेबांच्या मागोमाग त्यांच्या माहेरचा वास्तुशास्त्रवाला येतो. एका बंगल्याचं, गाव सांगत नाही, आप्पांनी डायरीत टिपण ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पूर्वेचं दार बंद केलं. पुढच्या साहेबांनी उघडलं. त्याच्या पुढच्यांनी बंद करून तिथं कपाट केलं. त्याच्या पुढच्यांनी कपाट काढून खिडकी केली. शेवटच्या पानावर आप्पांनी बेरीज मांडली होती: दार उघडले ३ वेळा, बंद केले ४ वेळा, शिल्लक वजा १ दार.

"वजा एक दार म्हंजे काय, आप्पा?" मी विचारलं.

"साहेब आतमा, बंगला बाहेर," आप्पा म्हणाले.

मला तेव्हा ही थट्टा वाटली. आता तितकीशी वाटत नाही.

स्वतःच्या घराची काळजी कुणीही घेतो, त्यात काय मोठंसं, असा त्यांचा पवित्रा. ज्या घरात माणूस हुकमानं येतो आणि हुकमानं जातो, ज्या घराच्या भिंतीत खिळा ठोकायलाही मंजुरी लागते आणि भिंत पाडायला मात्र कधी कधी लागत नाही, त्या घराचं माणूस कोण? त्या जागेवर आप्पांनी स्वतःची नेमणूक करून घेतली आहे. काळजीवाहू सरकार असतं ना, तसे हे काळजीवाहू. धोरण ठरवायचा अधिकार नाही, खजिन्याची किल्ली नाही, पण काळजी मात्र अहोरात्र चालू.

एरंडोलला जुन्या वास्तूंविषयी हळवं असायला तसं निमित्त आहे. हीच महाभारतातली एकचक्रानगरी अशी गावाची श्रद्धा, इथं पांडव वेष पालटून राहिले, इथंच भीमानं बकासुराला मारलं. म्हणजे राजघराण्याच्या तात्पुरत्या मुक्कामाच्या जागेचा प्रश्न आम्हाला फार जुना आहे. गावात पांडववाडा आहे. तो विषय न्यायालयात गेलेला असल्यामुळे आप्पा त्यावर बोलत नाहीत. आप्पा एखाद्या भिंतीविषयी बोलले नाहीत, असं गावातलं हे एकच उदाहरण.

अशा माणसाच्या आयुष्यात २५ जुलै २००७ हा दिवस आला. त्या दिवशी प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या. नाडगावचा जन्म, जळगावात एम. जे. कॉलेजात शिक्षण, १९६२ मध्ये जळगावातून पहिल्यांदा आमदार. अख्ख्या खान्देशात पेढे वाटले गेले. आप्पांनीही पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि थांबले.

"काय झालं आप्पा?"

"पोरगी भर पावसायामा जुना घरमा ऱ्हावाले जाई ऱ्हायनी," आप्पा म्हणाले. "तठला छत कोनी देखं शे का?"

त्या दिवसापासून राष्ट्रपती भवन आप्पांच्या देखरेखीखाली आलं. त्यांनी वाचनालयातून, वर्तमानपत्रांतून, माझ्याकडून, शाळेतल्या पोरांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून माहिती गोळा केली. एडविन लुटियन्सचा आराखडा. ३४० खोल्या. ३३० एकरांचं आवार. ७० कोटी विटा, ३० लाख घनफूट दगड. चार वर्षांत व्हायचं ते काम सतरा वर्षं चाललं आणि १९२९ ला उरकलं. हे ऐकल्यावर आप्पांचा चेहरा उजळला. आपल्या खात्याची परंपरा इतकी उंचावरून आलेली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग हिशेब सुरू झाले. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत दोन हजार विटा धरल्या तर साडेतीन लाख ट्रॉल्या. रोज शंभर ट्रॉल्या टाकल्या तरी ३५०० दिवस, म्हणजे साडेनऊ वर्षं नुसती विटांची वाहतूक. "उरेल साडेसात वर्ष बिल निघाले," आप्पांनी खुलासा केला. आणि सगळ्यांत आवडता हिशेब तपासणीचा. रोज एक खोली तपासायची. ३४० दिवसांत घर पुरं होतं. वर्षाचे २५ दिवस उरतात. "त्या किरकोय रजाना." अधूनमधून ते हा हिशेब पुन्हा करून पाहतात. दर वेळी २५ च उरतात आणि दर वेळी त्यांना बरं वाटतं.

२००८ च्या उन्हाळ्यात आप्पांनी ताईंना पत्र लिहिलं. हातकागदासाठी एके काळी नाव असलेल्या गावातून ते नातवाच्या वहीचं पान फाडून गेलं, याला इलाज नाही. मजकूर मला दाखवला होता. क्षेमकुशल एका ओळीत, बाकी दीड पान सूचना. मृगाच्या आत गच्चीवरच्या पन्हळी साफ करून घ्याव्यात. जुन्या भिंतीला सिमेंट लावू देऊ नये, कुणी कितीही मोठा इंजिनियर सांगत असला तरी. छतावर पिंपळाचं रोप दिसल्यास नुसतं उपटू नये, मूळ मारावं. सही, आणि सहीखाली हुद्दा: मिस्त्री (सेवानिवृत्त).

उत्तर आलं नाही. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही, सरकारी कागद आहे, टेबलावरून टेबलावर जाणार. आणि मग २०१० मध्ये बातमी आली की राष्ट्रपती भवनाच्या जतनाचं मोठं काम हाती घेतलंय, चार्ल्स कोरिया आणि सुनीता कोहली यांच्यासारखी माणसं त्यात आहेत. आप्पा पेपर घेऊन थेट माझ्या घरी. त्यांचे हात थरथरत होते.

"देखं? पोचनं पत्र."

"आप्पा, पत्राला दोन वर्षं झाली."

"मंग? दोन वरिसमा म्हंजे तातडीनंच म्हनो."

सांगायला हवं, की या बाबतीत आप्पांची समज वरवर वाटते तितकी कच्ची नव्हती. १९८५ ते ८९ दरम्यान त्याच भवनात अशोक हॉलचं काम झालं, ते मुख्यतः काढून टाकण्याचं होतं. नंतरच्या काळात जे जे चढवलं होतं ते उतरवून मूळचं दालन मोकळं केलं. व्हाइसरॉयच्या काळातलं ते नाचघर, लाकडी जमिनीचं, छताला चित्रं असलेलं. आप्पा ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणतात. जतन म्हणजे नवीन लावणं नव्हे, लावलेलं काढणं, हे चाळीस वर्षं ते साहेबांना सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. काढण्याच्या कामाला अंदाजपत्रकात भाव कमी असतो, हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण. ठेकेदाराला चढवण्यात रस. पीओपीचं खोटं छत लावलं की वरची गळती दिसत नाही, साहेब खूष. तीन वर्षांनी ते खोटं छत खऱ्या पाण्यासकट खाली येतं, तोवर साहेब नंदुरबारला.

चुन्याचंही तसंच. चुन्याच्या गिलाव्यावर आप्पा बोलायला लागले की समोरच्याने बसून घ्यावं. चुना भिजत किती घालायचा, घाणीत किती फेरे मळायचा, गुळाचं पाणी कधी, हिरडा कधी, बेलफळाचा चीक कुठल्या भागात. "चुना श्वास लेस भो," ते सांगतात. भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर निघून जाते. त्यावर सिमेंट थापलं की भिंतीचं नाक-तोंड बंद, ओल आतच राहते, विटा मऊ पडतात, लाकडाची टोकं कुजतात. जगभरचे जतनवाले आज हेच सांगतात. फरक इतकाच की ते परिषदेत सांगतात आणि आप्पा मेनरोडवर, फौजदारी डाळीचं घमेलं घेऊन चाललेल्या आचाऱ्याला थांबवून.

२०११ च्या फेब्रुवारीत आप्पा स्वतः दिल्लीला गेले. जळगावहून काही मंडळी ताईंचं घर बघायला म्हणून निघाली होती, त्या काळी मुघल गार्डन म्हणत ती बाग वर्षातून एकदा लोकांना उघडायची, आप्पा त्यांच्यात घुसले. पंजाब मेल, दशम्या, ठेचा, शेव. इथपर्यंत सगळं सरळ. फाटकावर झडती झाली आणि आप्पांच्या बंडीच्या खिशातून ओळंबा निघाला.

पितळेचा, टोकदार, दोरीला बांधलेला. पहाऱ्यावरच्या जवानानं तो उचलून उजेडात धरला.

"ये क्या है?"

"ओळंबा."

"मतलब?"

"दीवार सीधी है क्या, वो देखनेका."

"कौन सी दीवार?"

"तुम्हारीच."

आणखी दोन जवान आले. बरोबरच्या मंडळींनी आप्पांना ओळखत नसल्यासारखं दाखवलं. शेवटी एका वयस्कर हवालदारानं, तो स्वतः गवंड्याचा पोरगा निघाला म्हणे, "अरे साहुल है, साहुल," असं सांगून सोडवणूक केली. ओळंबा जमा करावा लागला. आप्पांनी पावती मागितली. पावतीची पद्धत नाही म्हटल्यावर त्यांनी हवालदाराकडून त्याच्या गावाचं नाव विचारून घेतलं आणि डायरीत लिहिलं.

आत गेल्यावर हजारो माणसं फुलांकडे बघत होती. आप्पा फुलांकडे पाठ करून उभे. त्यांना भवनाची मागची बाजू दिसत होती. दगडाचे बाहेर आलेले पातळ छज्जे त्यांना पसंत पडले. "हाऊ गोरा पाऊस समजेल व्हता," हा त्यांचा लुटियन्सविषयी पहिला चांगला शब्द. वाईट शब्द उताराविषयी. रायसिना टेकडीवर चढणारा रस्ता असा चढवला गेला की खालून येताना भवन मध्येच दिसेनासं होतं. त्यावरून लुटियन्स आणि बाजूच्या सचिवालयांचा वास्तुकार हर्बर्ट बेकर यांची जन्माची अढी पडली. पण त्या आराखड्याला लुटियन्सनं आधी स्वतःच होकार दिला होता. आप्पांना हे मी सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. "सही करताना उतार देखो नही? मोरीना ऱ्हावो नाहीतर राजाना ऱ्हावो, उतार पहिले देखाना!"

आणि घंटा. भवनाच्या खांबांवर दगडाच्या घंटा कोरल्या आहेत. घंटा वाजल्या की राज्य जातं, म्हणून न वाजणाऱ्या बसवल्या अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. आप्पांना गावाजवळच्या पद्मालयाच्या देवळातली घंटा माहीत, ती कशी सगळ्या तळ्यावर घुमते. त्यांचं म्हणणं, न वाजणारी घंटा बसवली आणि दोन-अडीच वर्षांत नव्हे तरी अठरा वर्षांत राज्य गेलंच ना. घंटेचा काय दोष?

छज्ज्याखाली त्यांना एक काळपट ओघळ दिसला. तो ओघळ होता की सावली होती की कबुतर होतं, यावर परतीच्या गाडीत इटारसीपर्यंत वाद झाला. आप्पांना जवानानं तीनदा "आगे चलिए" म्हटलं, आणि तिन्ही वेळा ते मागे सरले, कारण पुढं गेलं की ओघळ दिसत नव्हता. ताई भेटल्या नाहीत. भेटायचा बेतही नव्हता. ओघळ भेटला. ओळंबा हवालदारानं जपून ठेवला होता, तो परत मिळाला.

आप्पा गावी परतले त्या दिवशी त्यांच्या घरासमोर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडलेल्या होत्या.

जिजी, म्हणजे आप्पांची बायको, चाळीस वर्षं वाट बघत होती. आप्पांनी त्यांच्या घराच्या भिंतीला कुणाला हात लावू दिला नव्हता. मातीच्या भिंती, वर धाबं, दर वर्षी पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरायची, तीही जिजीनंच. उन्हाळ्यात धाब्यावर बिबडे वाळायचे, रात्री पोरं झोपायची, हे सगळं गोड खरं, पण पोपडे रोज झाडायचे कुणी? आप्पा दिल्लीला गेलेत म्हटल्यावर दोन्ही मुलं आणि जिजी यांनी आठवड्यात पुढची खोली उरकली. सिमेंटचा गिलावा, त्यावर मोरपंखी तैलरंग, खाली चकचकीत फरशी, वर पीओपीचं छत, मध्ये कमळ. राष्ट्रपती भवनाच्या बागेत कारंजी कमळाच्या पानाच्या आकाराची आहेत. आप्पा ती नुकतीच बघून आले होते.

ते उंबऱ्यात किती वेळ उभे होते याबद्दल गल्लीत मतभेद आहेत. एक अक्षर बोलले नाहीत. चपला काढल्या, आत गेले, पाणी प्याले. मग खडू आणून भिंतीवर कोपऱ्यात, गुडघाभर उंचीवर, तारीख लिहिली आणि खाली: "३ वर्षे."

तिसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागली नाही. दुसऱ्याच श्रावणात मोरपंखी रंगाखाली पहिला फुगा आला. त्या सकाळी आप्पांनी गल्लीला चहा पाजला. जिजीनं चहा केला, आणि शेवटचा कप हातात देताना म्हणाली, "आनंद व्हई गया ना? आते चुना लावा." आप्पांनी चुना लावला नाही. पुरावा नष्ट होईल म्हणाले. तो फुगा अजून आहे, आता हाताच्या पंजाएवढा झालाय, लोकांना दाखवतात.

गावभर भिंतींच्या तड्यांवर आप्पांनी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. ही त्यांची नोकरीतली जुनी रीत. तड्यावर आडवी काच, दोन्ही टोकं पक्की, बाजूला तारीख. तडा वाढत असला तर काच फुटते. काच शाबूत म्हणजे भिंत निजलेली. महिन्यातून एकदा ते फेरी मारतात. कुणाची काच फुटली की त्या घरात सांत्वनाला बसतात.

मुंबईच्या राजभवनानं मात्र त्यांना फार दुखवलं. २०१६ मध्ये मलबार हिलवरच्या त्या आवारात जमिनीखाली दीडशे मीटर लांबीचा, तेरा खोल्यांचा इंग्रजी अमलातला बंकर सापडला. सगळ्या महाराष्ट्राला गंमत वाटली. आप्पांना लाज वाटली. "तेरा खोल्या! घरनासले ठाव नही? डेडस्टॉकले नोंद नही?" एका खोलीची नोंद चुकली म्हणून त्यांच्या वेळी एका कारकुनाची वेतनवाढ रोखली होती. इथं तेरा. पुढं त्याच राजभवनातली राज्यपालांची राहती वास्तू, जलभूषण, जुनी झाली म्हणून उतरवली आणि तिचीच वैशिष्ट्यं ठेवून नव्यानं उभी केली. १४ जून २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. ते टीव्हीवर बघून आप्पा बराच वेळ गप्प होते.

"चांगलं दिसतंय की," मी म्हटलं.

"दिसस तर चांगलं," ते म्हणाले. "मरेल मानुसना धाकला भाऊले त्यानाच कपडा घालीसन उभा करा, तर तो बी चांगला दिसस."

मी त्यांना परळची गोष्ट सांगून पाहिली. मुंबईचे गव्हर्नर आधी परळला राहायचे, मूळच्या पोर्तुगीज पाद्र्यांच्या वास्तूत. तिथं गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी कॉलऱ्यानं गेली, १८८५ पासून गव्हर्नरांचं बिऱ्हाड मलबार पॉइंटला हललं, आणि १८९९ मध्ये त्या सोडलेल्या घरात डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. घर अजून उभं आहे, हाफकिन संस्था म्हणून. म्हणजे साहेब निघून गेला म्हणून बंगला वाचला. आप्पांनी यावर दोन दिवस विचार केला. त्यांचं एक तत्त्व असं की माणसाच्या वावरानंच घर टिकतं. तिसऱ्या दिवशी भेटले तेव्हा तोडगा निघाला होता: "शास्त्रज्ञ वास्तुशास्त्रवाला बलावस नही."

सगळ्या राहणाऱ्यांत त्यांना पसंत एकच, राजाजी. १९४८ मध्ये राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून त्या घरात आले, व्हाइसरॉयचं शयनगृह त्यांना फारच थोर वाटलं, आणि ते बाजूच्या साध्या खोल्यांत जाऊन राहिले. पुढच्या राष्ट्रपतींनीही तीच वहिवाट ठेवली. आप्पा म्हणतात, भाडेकरू असावा तर असा, ३४० खोल्यांत चार वापरतो. उरलेल्या ३३६ खोल्या म्हणजे मिस्त्रीला आवरायला मोकळ्या.

मागच्या वर्षी मी वडिलांच्या घराचं काम काढायला मे महिन्यात पुण्याहून आलो. आमचंही धाबं. ठेकेदारानं धाबं उतरवून स्लॅब सांगितला, आकडा सांगितला, मी हो म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात चौकटीवर टकटक.

"उन्हायामा घर देखस का कोनी?" आप्पा ठेकेदाराकडे न बघता मला म्हणाले. उन्हाळ्यात सगळी घरं शहाणी असतात. घराचा ताबा घ्यावा तर भर पावसात, म्हणजे कुठं गळतं ते पहिल्या दिवशी कळतं. दाखला तयार होता. १९७७ पासून प्रत्येक राष्ट्रपती २५ जुलैलाच शपथ घेतो. रेड्डींपासून मुर्मूंपर्यंत एकही चुकलेला नाही. लोकांना वाटतं तारीख सहज पडली. आप्पांना ठाऊक आहे की ती कुणी तरी मिस्त्रीनं ठरवलेली असणार.

म्हणून गेल्या २५ जुलैला मी पुन्हा एरंडोलला होतो. अंजनी नदीला पाणी होतं, आभाळ सकाळपासून गावावर बसलेलं. आप्पा दुपारी छत्री न घेता आले. पुढच्या खोलीत आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो, खाली दोन घमेली, एक पातेलं, देव्हाऱ्याजवळ आईचं जुनं तांब्याचं घंगाळ. आप्पांनी प्रत्येक थेंबाभोवती खडूनं गोल काढला आणि आवाज ऐकत बसले. घंगाळातला थेंब सगळ्यांत बरा, म्हणाले. तो सऱ्यावरून येतोय, सरा शाबूत आहे. पातेल्यातल्याविषयी ते काही बोलले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तठे कितली घमेली लागत व्हतीन?"

"कुठं?"

"दिल्लीले. खोलीले एक धरं तर तीनशे चाळीस. पन त्या चार वापरतंस. त्या चारमा तरी ठेयल व्हतीन ना कोनी?"

त्यांनी कागद मागितला. माझ्याकडे ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाचा कागद होता, त्याची मागची बाजू कोरी होती. आप्पांनी कानामागची पेन्सिल काढली, कागद मांडीवर ठेवला, वर तारीख घातली आणि मायना लिहायला घेतला. दुसऱ्या ओळीवर टप्पकन थेंब पडला. आप्पांनी वर पाहिलं, कागद दोन बोटं डावीकडे सरकवला आणि मला म्हणाले, "आजून एक घमेलं आन."